आठ दिवसांची किंमत

सिंगापूरमध्ये हाताचा सर्जन वेगळा असतो. हाडांच्या डॉक्टरने मनगटही पाहायचं आणि प्लास्टिक सर्जनने बोटंही शिवायची, ही जगातल्या बहुतेक देशांची रीत तिथे नाही. हँड सर्जरी ही तिथे स्वतंत्र विशेषशाखा आहे. तिचं प्रशिक्षण वेगळं, तज्ज्ञ म्हणून होणारी नोंदणी वेगळी, आणि आउट्रम रोडवरच्या सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये किंवा केंट रिजच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये तिचा विभागही वेगळा. स्वीडन, फिनलंड असे मोजकेच देश हाताला इतका मान देतात. अमेरिकेत ही शाखा दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे उभी राहिली. आपल्याकडे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांसाठी तिचा पाया घातला. सिंगापूरला ती कारखान्यांनी दिली. १९६१मध्ये इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन झालं, ज्युराँगच्या दलदलीवर भराव पडला, प्रेस आणि करवती सुरू झाल्या, आणि शेतीतून, बंदरातून, छोट्या दुकानांतून आलेल्या माणसांची बोटं यंत्रांत सापडू लागली. तुटलेलं बोट सूक्ष्मदर्शकाखाली जोडणारे डॉक्टर त्या देशाला हवे होते. रॉबर्ट फो यांच्यासारख्या सर्जननी ते काम अंगावर घेतलं, शिष्य तयार केले, आणि १९८०च्या दशकात या शाखेचे स्वतंत्र विभाग उभे राहिले.

तुटलेल्या बोटांसाठी जन्मलेल्या या शाखेकडे आज जे हात रांगेने येतात, त्यांतले कितीतरी अखंड असतात. त्यांवर जखम नसते, सूज दिसेलच असं नाही, हाड मोडलेलं नसतं. तक्रार एवढीच की रात्री दोन-तीन वाजता हात बधिर होऊन जाग येते, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या भरतात, आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. घराघरांत त्याला ‘नस दबली’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला आठ छोट्या हाडांची एक पन्हळ आहे. तिच्यावर लिगामेंटचा जाड, आडवा पट्टा ताणून बसवलेला असतो. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे टेंडन, जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह ही एकच नस. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं, की जागा कमी पडते. हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणला जात नाही, दोऱ्या दबत नाहीत. दबते ती मऊ असलेली नस. रिचर्ड गेलबर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये या बोगद्यात नळी घालून दाब मोजला. निरोगी मनगटात तो पाऱ्याच्या अडीच मिलिमीटरइतका होता, रुग्णांच्या मनगटात ३२. रुग्णाने मनगट आत वाकवलं की तो ९४वर जाई, मागे वाकवलं की ११०वर. झोपेत मनगट दुमडलं जातं आणि रात्रीच जाग का येते, हे या आकड्यांवरून कळतं.

उपाय शंभर वर्षांपूर्वीच सुचला होता. १९१३मध्ये पॅरिसच्या पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका मृत रुग्णाच्या मनगटात पट्ट्याखाली आवळलेली नस पाहिली आणि लिहिलं की तो पट्टा वेळीच कापला असता तर कदाचित हात वाचला असता. पट्टा कापायचा, बस्स. त्यानंतर आलेल्या सगळ्या पद्धती याच एका कृतीकडे जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा आहेत. जुनी वाट सरळ आहे: तळव्याच्या मुळाशी तीन-चार सेंटिमीटरचा छेद, त्वचा, चरबी आणि तळव्याचा पडदा उघडून वरून खाली पट्ट्यापर्यंत जायचं आणि डोळ्यांदेखत तो कापायचा. नवी वाट पट्ट्याच्या खालून जाते. १९८०च्या दशकात जपानमध्ये इचिरो ओकुत्सु यांनी दुर्बीण मनगटातून आत घालून पट्टा आतून पाहिला. अमेरिकेत जेम्स चौ यांनी १९८९मध्ये दोन छिद्रांची पद्धत मांडली, एकीकडून दुर्बीण आणि दुसरीकडून पातं. जॉन एजी यांनी १९९२मध्ये एकाच छिद्रातून दोन्ही कामं करणाऱ्या उपकरणाचे निष्कर्ष छापले.

एजींचं हे उपकरण पिस्तुलासारखं हातात धरतात. त्याच्या टोकाला एक बारीक, चपटी नळी, नळीत दुर्बीण, आणि नळीच्या वरच्या अंगाला एक छोटी खिडकी. पातं नळीच्या आत झोपलेलं असतं. चाप दाबला की ते खिडकीतून वर उठतं, सोडला की पुन्हा आत जातं. मनगटाच्या घडीवर सुमारे एक सेंटिमीटरचा आडवा छेद घेतात. आधी एक बोथट सळई आत घालून पट्ट्याची खालची बाजू खरवडतात, त्यावर चिकटलेलं मऊ आवरण बाजूला करतात. पट्ट्याचे तंतू आडवे असल्याने सळई त्यांवरून पुढेमागे करताना कपडे घासायच्या पन्हळी फळीवरून बोट फिरवल्यासारखी खरखर सर्जनच्या हाताला जाणवते. ती जाणवली नाही तर सळई चुकीच्या ठिकाणी आहे. मग नळी आत जाते, अनामिकेच्या रेषेत, कारण त्या रेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला मीडियन नर्व्ह आहे आणि करंगळीकडच्या बाजूला दुसऱ्या नसेचा व रक्तवाहिनीचा रस्ता. पडद्यावर पांढरे, आडवे, स्वच्छ तंतू दिसायला हवेत. मध्ये चरबीचा पिवळा गोळा किंवा नसेचा पट्टा आला तर चाप दाबायचा नाही. नळी पट्ट्याच्या तळव्याकडच्या टोकापर्यंत नेतात, पातं वर उठवतात आणि स्वतःकडे ओढत परत येतात. पट्ट्याच्या दोन कडा फाकतात, फटीतून वरची चरबी खाली लोंबू लागते, आणि आणखी एकदा आत पाहून एखादा तंतू अखंड राहिला नाही ना याची खात्री करतात. आतलं काम काही मिनिटांचं असतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

या यंत्राची सगळी हुशारी पात्याला लपवण्यात आहे. पातं किती धारदार आहे याला इथे फारसा अर्थ नाही, कारण पट्टा कुठल्याही चाकूने कापला जातो. कठीण आहे ते न दिसणारं काही न कापणं. खिडकी पट्ट्याला खालून घट्ट टेकवली की नस आणि पातं यांच्यामध्ये खुद्द नळीची भिंत येते. म्हणून हे उपकरण नीट चालवायला वेग लागत नाही, थांबण्याची तयारी लागते. स्पष्ट दिसत नसेल तर दुर्बीण बाहेर काढून उघडी शस्त्रक्रिया करायची, हा नियम या पद्धतीच्या प्रत्येक चांगल्या शिक्षकाने सांगितलेला आहे. एका हातात दुर्बीण आणि गरज पडली तर दुसऱ्या हातात तुटलेली नस शिवण्याचं कौशल्य, असा सर्जन असेल तर हा नियम पाळणं सोपं जातं. माघार घ्यायला त्याला भीती वाटत नाही. सिंगापूरने हातासाठी वेगळी शाखा ठेवली याचा मोठा फायदा मला इथे दिसतो.

पण मग या छोट्या छेदाने रुग्णाला मिळतं काय? शेवटचा निकाल दोन्ही वाटांनी जवळजवळ सारखाच लागतो. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,५८६ हात तपासले गेले. मुंग्या जाणं, हाताचं काम सुधारणं, यांत दोन पद्धतींमध्ये म्हणावा असा फरक सापडला नाही. दुर्बिणीच्या गटात पकडीचा जोर थोडा बरा होता, व्रणाच्या तक्रारी कमी होत्या, आणि माणसं सरासरी आठ दिवस आधी कामावर किंवा रोजच्या व्यवहाराला लागली. उलट, तात्पुरता बधिरपणा या गटात जास्त होता. फायद्याचं कारण शरीरशास्त्रात आहे. तळव्याचं मूळ ही आपण टेकतो ती जागा. खुर्चीवरून उठताना, कढईचा दांडा धरताना, ओलं कापड पिळताना भार तिथेच येतो. उघड्या शस्त्रक्रियेचा व्रण नेमका त्याच जागी पडतो, दुर्बिणीचा मनगटाच्या घडीत. म्हणजे या पद्धतीचं सगळं वैशिष्ट्य आठ दिवसांत सामावलेलं आहे. वर्षभराने दोन्ही हात शेजारी ठेवले तर त्यांत व्रणाखेरीज फारसा फरक राहणार नाही. तेव्हा या शस्त्रक्रियेचं मोल ठरवायचं तर ते आठ दिवस कोणाचे आहेत, हे विचारावं लागेल. माझं म्हणणं असं, की ज्याचं पोट हातावर आहे त्याच्यासाठी हे दिवस सर्वांत मोलाचे, आणि छोट्या छेदाची वाट आज त्याच्यापासूनच सर्वांत लांब आहे.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचाच येतो. आठ दिवस तरी खरे आहेत का? एजींच्या स्वतःच्या चाचणीत दुर्बिणीचे रुग्ण सुमारे तीन आठवडे आधी कामावर परतले होते, पण ती उपकरणाच्या जनकाची चाचणी होती. स्वीडनमध्ये इसाम अत्रोशी यांनी २००६मध्ये नोकरी करणाऱ्या १२८ रुग्णांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. दुर्बिणीच्या गटाला वेदना कमी होत्या, परंतु दोन्ही गट सारख्याच, २८ दिवसांच्या रजेनंतर कामावर आले. या चाचणीला मी पूर्ण मान देतो, आणि तरी तिच्यावरून आठ दिवसांचा दावा खोटा ठरतो असं मला वाटत नाही. स्वीडनमध्ये आजारपणाच्या रजेत पगाराचा बराचसा भाग मिळत राहतो, आधी मालकाकडून आणि मग समाजविम्यातून. जिथे रजेमुळे कमाई फारशी बुडत नाही, तिथे माणूस कामावर कधी जातो हे त्याच्या तळव्यापेक्षा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि रिवाजावर ठरतं. वेदना कमी झाल्या हे त्या चाचणीतही दिसलंच. कमी वेदनेचं रूपांतर लवकर कामावर जाण्यात व्हायला निकड लागते, आणि ती निकड स्वीडिश नोकरदाराला नव्हती. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला ती असते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. उघड्या शस्त्रक्रियेत सगळं डोळ्यांसमोर असतं. अंगठ्याच्या स्नायूला जाणारी छोटी फांदी काही जणांमध्ये पट्ट्याच्या आतूनच जाते. ती कापली गेली तर अंगठा समोर येत नाही, बटण लागत नाही. गंभीर, कायमच्या इजांचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच थोडं आढळलं आहे, पण हे आकडे शिकलेल्या हातांचे आहेत. वर्षातून चार-पाच वेळा ही दुर्बीण उचलणाऱ्या सर्जनकडून ती करून घेण्यापेक्षा उघडी शस्त्रक्रिया केव्हाही बरी. तिसरा आक्षेप साधेपणाचा. तळव्यात दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन, दुर्बिणीविना, हीच गोष्ट साधता येते. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीने ती पूर्ण जागेपणी, दंडाला आवळपट्टी न बांधता, फक्त लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन टोचूनही करता येते. त्यात एकदाच वापरायच्या पात्याचा खर्च नाही, आणि पडदा व कॅमेरा नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. आठ दिवसांतले पाच दिवस स्वस्तात मिळत असतील तर ज्याच्याकडे पैसे कमी त्याने तेच घ्यावेत. माझ्या युक्तिवादाला त्याने बाधा येत नाही. दिवस वाचवायचे आहेत, मग ते दुर्बिणीने वाचोत वा छोट्या चाकूने.

एक समज मात्र खोडून काढायला हवा, कारण या आजाराचा चेहराच त्याने बदलून टाकला आहे. कार्पल टनेल म्हटलं की कीबोर्डवरची बोटं डोळ्यांपुढे येतात, आणि लवकर लॅपटॉपवर परता, असं सांगणाऱ्या जाहिराती त्याच माणसाला उद्देशून असतात. सिंगापूरच्या आयटी आणि बँकांत काम करणाऱ्या मराठी माणसालाही हा आजार आपलाच वाटतो. पुरावा काय सांगतो? डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार संगणक वापरणाऱ्यांचा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीबोर्डशी या आजाराचा संबंध दिसला नाही, आठवड्याला वीस तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत थोडा दिसला. पक्का संबंध आहे तो जोर लावून धरण्याशी, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याशी, आणि थरथरणाऱ्या यंत्रांशी. शिवाय मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, आणि स्त्री असणं. सिंगापूरने २०१६मध्ये मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण चिनी वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

आता आठ दिवस कोणाचे, हे पाहू. सिंगापूरच्या कायद्याने पगारदार माणसाला वर्षाला १४ दिवसांची आजारपणाची आणि रुग्णालयाची गरज असल्यास ती धरून एकूण ६० दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळते. शस्त्रक्रियेचे पैसे नागरिक मेडिसेव्ह या आपल्याच सक्तीच्या बचतीतून देऊ शकतो. बँकेतल्या माणसाचे आठ दिवस त्याच्या खिशातून जात नाहीत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यगाळ्यांच्या मंडईत, पहाटेपासून कढई हलवणाऱ्या माणसाचे जातात. गाळा बंद, त्या दिवसाची विक्री शून्य आणि भाडं चालू. २०२०मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ती संस्कृती ज्या मनगटांवर उभी आहे त्यांना भरपगारी रजा नाही. टॅक्सी आणि डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर काम करणाऱ्यांना १ जानेवारी २०२५पासून कामातल्या इजेची भरपाई कायद्याने मिळू लागली, हे मोठं पाऊल आहे. पण हळूहळू दबत जाणारी नस कामामुळेच दबली, हे दाखवणं कापलेल्या बोटाइतकं सोपं नसतं.

आणि मग घरकामगार बायका. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार, भारत इथून आलेल्या, मालकाच्या घरीच राहणाऱ्या, संख्येने अडीच लाखांहून अधिक. फरशी पुसायचं फडकं पिळणं, भाजी चिरणं, अंथरुणाला खिळलेल्या आजीला दोन्ही हातांनी उचलून बसवणं, मराठी घरात असेल तर रोजची कणीक मळणं. आजाराच्या कारणांची यादी या कामांवरूनच लिहिली असावी असं वाटतं. सिंगापूरच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हाताच्या वारंवार ताणाचे विकार आहेत, पण कामातल्या इजेच्या भरपाईचा कायदा घरकामगारांना लागू नाही. रजांचा कायदाही नाही. महिन्याला किमान एक सुट्टी, जी पैसे देऊन टाळता येणार नाही, ती त्यांना १ जानेवारी २०२३पासून मिळाली. परदेशी म्हणून सरकारी अनुदानही त्यांना नाही.

तरी पैशाचा प्रश्न इथे शेवटचा नाही, आणि हेच मला या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. १ जुलै २०२३पासून प्रत्येक मालकाला आपल्या परदेशी कामगारासाठी वर्षाला किमान ६०,००० सिंगापूर डॉलरचा वैद्यकीय विमा घ्यावा लागतो, पूर्वी ही मर्यादा १५,००० होती. तो रुग्णालयातल्या उपचारांना आणि दिवसभराच्या शस्त्रक्रियेला लागू आहे, आजार कामामुळे झालेला नसला तरी. म्हणजे बिलाची सोय कागदावर आहे. रस्ता अडतो तो त्याआधी. शस्त्रक्रियेपर्यंत पोचायला आधी निदान व्हावं लागतं, नसेची विद्युत तपासणी व्हावी लागते, मनगट सरळ धरणारी रात्रीची पट्टी देऊन पाहावी लागते. ही बाह्यरुग्ण पायरी विम्यात असेलच असं नाही. कायद्याने तो खर्च मालकाचा, आणि त्यासाठी घरकामगार स्त्रीने मालकिणीला सांगायला हवं की रात्री माझा हात बधिर होतो. दिसत नसलेला आजार सांगायला फार धीर लागतो. ती गप्प राहते, हात झटकते आणि पुन्हा झोपते. दोन-तीन वर्षांनी अंगठ्याच्या मुळाचा स्नायू सुकून खळगा पडतो. तेव्हा कितीही छोट्या छेदातून पट्टा कापला तरी मुंग्या जातील, पण गेलेला जोर पूर्ण परत येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

वेळीच आलेल्यांना तर अनेकदा चाकूचीही घाई नसते. २००२मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत फक्त रात्रीच्या पट्टीने तीन महिन्यांत ५४ टक्के रुग्णांना बरं वाटलं होतं. शस्त्रक्रियेने ८० टक्क्यांना वाटलं, हे खरं, आणि दीड वर्षानेही शस्त्रक्रियाच पुढे होती, ९० विरुद्ध ७५. पण पट्टीला रजा लागत नाही. ती मनगट सरळ ठेवते, दाब उतरवते आणि नसेला वेळ मिळवून देते.

तिला तिच्या हाताबद्दल वेळीच विचारण्याची जागाही आधीपासून तयार आहे. प्रत्येक परदेशी घरकामगार स्त्रीची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची असते. तीत गरोदरपण आणि संसर्गजन्य आजार पाहिले जातात. २०२१च्या ऑगस्टपासून वजन-उंचीचं प्रमाण आणि अंगावरच्या संशयास्पद खुणाही डॉक्टरने पाहाव्यात असा नियम झाला, छळाच्या प्रकरणांनंतर. म्हणजे ही तपासणी फक्त मालकाच्या आणि राज्याच्या सोयीची न ठेवता तिच्या बाजूने वाकवता येते, हे सिंगापूरने स्वतःच दाखवून दिलं आहे. त्यात एक प्रश्न वाढवायचा: रात्री हात बधिर होऊन जाग येते का? आणि मिनिटभराची एक चाचणी, दोन्ही हातांचे पंजे उलटे जोडून मनगट दुमडून धरायचं, जी जॉर्ज फॅलन यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही फुकट आहेत.

यावरचा आक्षेप त्या बायकाच घेतील, आणि तो खरा आहे. याच तपासणीत गरोदरपण निघालं की परवाना जातो आणि परत जावं लागतं. ज्या खोलीत असा निर्णय होतो, तिथे आपला हात दुखतो असं कोण सांगेल? बधिर हाताची बाई नको, दुसरी आणा, असं म्हणणारा मालक भेटणारच नाही याची खात्री कोण देईल? म्हणून या प्रश्नाचं उत्तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे जाणाऱ्या अर्जावर येता कामा नये. ते डॉक्टर आणि ती यांच्यातच राहावं, सोबत पट्टी हातात मिळावी आणि गरज पडली तर हाताच्या विभागाची चिठ्ठी. मालकाला कळेल ते चिठ्ठी वापरायची वेळ आल्यावर, आणि तेव्हा विमा कंपनीने बाह्यरुग्ण तपासणीचा खर्चही उचलला पाहिजे, कारण त्या तपासणीशिवाय ६०,००० डॉलरचा विमा उघडतच नाही. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस तिला कायद्याने पगारी मिळाले पाहिजेत. दुर्बिणीने वाचवलेले आठ दिवस सोडून उरतात ते दोन-तीन आठवडे, ज्यांत तिने बादली उचलायची नसते आणि आजीला उठवायचं नसतं, आणि त्या घरात ते काम करायला दुसरं कोणी नसतं.